‘झाड डिंक पाझरते’ : वाक्य कानाला का खुपतंय?

अनुवादिका:
झाडांवरचा एक लेख मराठीत आणते आहे. खोडाला इजा झाली की आतून डिंक हळूहळू बाहेर येतो, असा मजकूर. मी लिहिलं, ‘झाड डिंक पाझरते.’ दोन दिवस झाले, हे वाक्य खुपतंय. ‘झिरपते’, ‘स्रवते’ही करून पाहिलं. नेमकं चुकतंय काय?

जुना मास्तर:
पाझरणे अकर्मक आहे, म्हणून खुपतंय. पाणी पाझरतं, मडकंही पाझरतं. पण मडकं पाणी पाझरत नाही. दोन्ही एका वाक्यात आले की मडक्याला ‘तून’ लावावंच लागतं. तेव्हा ‘खोडातून डिंक पाझरतो’. झिरपणे मी शक्यतो आत शिरण्यासाठी ठेवतो, जसं पाणी मातीत झिरपतं. अर्थात छतातून पाणी झिरपतं असंही सर्रास म्हणतात आणि त्याला चूक म्हणवत नाही.

भूजल:
मग पाझर तलावाचं काय? त्यातलं पाणी तर जमिनीत मुरतं, विहिरींना उतरतं.

जुना मास्तर:
तलावाच्या बाजूनं पाहा ना. त्याच्या तळातून पाणी बाहेरच पडतंय. मातीच्या बाजूनं तेच मुरणं. या शब्दावर माझा जीव आहे, म्हणून आणखी एक सांगतो. संस्कृत ‘प्रक्षर्’, प्राकृत ‘पज्झर’, मग आपला पाझर. झरा त्याच ‘क्षर्’चा, म्हणजे वाहण्या-झिजण्याचा. आणि जे क्षरत नाही ते अक्षर! दगडालाही पाझर फुटतो म्हणतो आपण, तिथे दुसरा कुठला शब्द घालून बघा.

परिचारिका:
स्रवणे आमच्याकडे ग्रंथींसाठी. शरीर स्वतः तयार करून सोडतं ते स्रवतं: लाळ, संप्रेरकं. तिथेही ‘ग्रंथीतून स्रवते’ असंच. जखमेतून मात्र लस ‘येते’. पेशंटसमोर कुणी स्रवते म्हणत नाही. डिंकही झाड इजा झाल्यावर स्वतःच तयार करतं, त्यामुळे ‘स्रवतो’ चुकीचं ठरणार नाही, पण वाचताना प्रयोगशाळेचा वास येईल.

अनुवादिका:
‘तून’ राहिलं होतं तर! झाडाला कर्ता करायच्या नादात मी डिंकाची जागा घालवली होती. आता असं केलंय: ‘साल तडकली की भेगेतून डिंक पाझरतो आणि हवा लागून घट्ट होतो.’ घट्ट होण्याआधीचा तो संथपणा मला हवा होता. मास्तर, प्राकृतातला ‘पज्झर’ वहीत उतरवून घेतला आहे.