दत्तक घेतलेली कुत्री नऊ दिवस दिवाणाखालीच – काय करावं?

नमस्कार. थोडं लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय अंदाज येणार नाही.

आम्ही पुण्यात सिंहगड रोडला राहतो, दुसरा मजला. घरात मी, नवरा, तिसरीतला मुलगा आणि सासरे. पिल्लू आणायचं म्हणून एका संस्थेत गेलो. पिल्लं होतीच, पायात घोटाळत होती. पण नाना (सासरे) शेवटच्या पिंजऱ्यापाशी जाऊन उभे राहिले ते हलेचनात. आत एक काळी देशी कुत्री, अंदाजे चार वर्षांची, भिंतीकडे तोंड करून बसलेली. दीड वर्ष तिथेच होती म्हणे. काळी, मोठी आणि त्यात मादी, कोणी विचारत नाही. नाना म्हणाले, "पिल्लामागे धावायचं माझं वय नाही. ही बरी, माझ्यासारखी एका जागी बसते."

फॉर्म भरला. संस्थेची माणसं घर बघून गेली, बाल्कनीला जाळी लावायला सांगितली, ती लावली. नसबंदी झालेली आहे (कानाला खाच आहे), रेबीज आणि नाइन-इन-वन (बाकीच्या रोगांवरची एकत्रित लस) दोन्ही मार्चमध्ये दिलेत, कार्ड मिळालंय. शेपटीवरून मुलाने नाव ठेवलं जिलबी.

घरी आणल्या आणल्या ती दिवाणाखाली गेली ती गेलीच. रात्री आम्ही झोपलो की बाहेर येते, भात-चिकन चाटूनपुसून खाते, बाल्कनीत कुंड्यांमागे शी-शू करते आणि पुन्हा आत. कुकरची शिट्टी झाली की थरथरते. मुलगा जमिनीवर पालथा पडून, बॅटरी मारून, बिस्कीट दाखवत "जिलबी, ये ना" करतो. नानांनी चौथ्या दिवशी हात घातला तर गुरगुरली, चावली नाही. नवऱ्याने एकदा पट्ट्याला धरून ओढलं, तिने तिथेच शू केली. त्यानंतर आम्ही कोणीच ओढलेलं नाही.

एक विचित्र गोष्ट. स्वयंपाकाच्या मावशींना कुत्र्यांची भयंकर भीती. त्या भिंतीला घासून स्वयंपाकघरात जातात आणि मागे वळूनही बघत नाहीत. परवा त्या पोळ्या लाटत होत्या आणि जिलबी चक्क उंबऱ्यावर हनुवटी टेकून बसलेली! मला बघितलं आणि सुळकन आत. मावशींना सांगितलेलं नाही, काम सोडून जातील.

नवरा म्हणतोय, जीव रमत नसेल तर परत देऊ. मला ते पटत नाही, पण तिचे हाल होतायत का, हेही कळत नाही. फिरायला कधी नि कसं न्यायचं? दिवाळी तीन आठवड्यांवर आलीय, फटाक्यांचं काय? शिवाय सोसायटीच्या सेक्रेटरींनी आज सुनावलं, "सुप्रीम कोर्टाने कुत्री हटवायला सांगितलीत आणि तुम्ही आणताय. लिफ्ट वापरायची नाही." अनुभवी मंडळींनी सांगा.

प्रतिसाद १

ताई, आधी श्वास घ्या. खातेय, ठरलेल्या जागी शी-शू करतेय, म्हणजे नऊ दिवसांत निम्मी लढाई झाली. आमच्याकडे ढोबळ हिशेब असा: पहिले तीन दिवस नुसती घाबरगुंडी, तीन आठवड्यांत घराचं वेळापत्रक कळतं, तीन महिन्यांनी घर आपलं वाटतं. दीड वर्ष पिंजऱ्यात काढलेलीला याहून जास्तही लागेल.

आणि उत्तर तुमच्या स्वयंपाकघरातच आहे की! मावशी बघत नाहीत, बोलावत नाहीत, वाकत नाहीत, म्हणून ती त्यांच्यापाशी येते. समोरून रोखून बघणं, अंगावर वाकणं, वरून हात नेणं हे घाबरलेल्या कुत्र्याला धमकीसारखं वाटतं. बॅटरी तर ताबडतोब बंद. नानांना सांगा, दिवाणाकडे पाठ करून पेपर वाचत बसा, बाजूला उकडलेल्या चिकनचा तुकडा टाका आणि विसरून जा. गुरगुरली तर रागावू नका. ती सांगून बघतेय. सांगणं बंद केलं की कुत्री थेट चावतात.

बाहेर नेण्याची घाई नको. न्याल तेव्हा गळपट्टा आणि हार्नेस (छाती-पाठीभोवतीचा पट्टा) दोन्ही, दोन्हींना वेगळी दोरी. घाबरलेलं कुत्रं मागे सरकून गळपट्ट्यातून मान काढतं आणि पळतं. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये पुढचं सांगायला नको.

प्रतिसाद २

घाबरटपणा आहे हे खरं, पण एकदा रक्त तपासून घ्या. आश्रयस्थानांतून आलेल्या कुत्र्यांत गोचीड ताप बऱ्याचदा निघतो. हिरड्या फिक्या दिसणं, खाणं सुटणं, नाकातून रक्त येणं यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. वेळेत औषध सुरू झालं तर बरं होतं. आपल्या गोळ्यांपैकी काही देऊ नका, आयबुप्रोफेनने कुत्र्याची किडनी जाऊ शकते.

दिवाळीसाठी डॉक्टरांशी आत्ताच बोला, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कोणी फोन उचलत नाही. नुसतं गुंगीचं औषध मागू नका. काही औषधांनी शरीर ढिलं पडतं, भीती तशीच राहते. भीतीवरचं वेगळं असतं. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, पंखा मोठा, टीव्ही चालू. आणि दिवाण आहे तिथेच राहू दे, ऐन दिवाळीत साफसफाई म्हणून हलवू नका!!

प्रतिसाद ३

सेक्रेटरींची गल्लत होतेय. २०२५चे ते आदेश रस्त्यावरच्या कुत्र्यांबद्दल आहेत, घरी पाळलेल्यांबद्दल नाहीत. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचना आहेत: बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. छापून शांतपणे द्या, भांडू नका. तुमच्याकडूनही महापालिकेची नोंदणी करून टाका, रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र लागतं.

प्रतिसाद ४

अनाथ मुलं कमी आहेत का जगात? असो.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. (चौथ्या प्रतिसादाला: असोच.)

सहा दिवस झाले. रक्त तपासलं, घरीच येऊन नमुना घेतला. गोचीड ताप निघाला, प्लेटलेट कमी आहेत, गोळ्या सुरू. बॅटरी कपाटात. नाना रोज सकाळी पाठ करून बसतात, आख्खा पेपर मोठ्याने वाचतात, निधनवार्तांसकट. काल दुपारी दिवाणाखालून काळं नाक बाहेर आलं आणि नानांच्या पायजम्याचा वास घेऊन आत गेलं. नाना तासभर पाय न हलवता बसले, मग मुंग्या आल्या म्हणून ओरडले.

शेवटी मावशींना सांगून टाकलं. म्हणाल्या, "ठाऊक आहे मला. गेल्या सोमवारपासून येते. मी बघत नाही, पण एक पोळी जास्त लाटते."

आता हार्नेसचं माप कसं घेतात ते सांगा. तिला टेप लावायची सोय नाही अजून.