मदत हवी आहे : आमदारांनी लोकायुक्त विधेयकावर कोणत्या बाजूने मत दिले, हे कोठे पाहता येईल?

धागाकर्ता : आमच्या आमदारांच्या कार्यअहवालाच्या तिसऱ्या पानावर, 'लोकायुक्त कायद्यासाठी सभागृहात लढलो' असे ठळक अक्षरांत छापले आहे. प्रशासकीय सुधारणा व उत्तरदायित्व यांविषयीच्या त्यांच्या भूमिकांवर मला टिपण लिहायचे असून ते शनिवारी सकाळी छपाईला जाणार आहे. दोन तास शोधूनही त्यांचे मत कोठे नोंदलेले सापडत नाही. कृपया नेमका दुवा द्यावा.

जुना सभासद : आमदार विधानसभेचे की विधानपरिषदेचे? सत्ताधारी की विरोधी? लोकायुक्त कायदाही एक नाही. १९७१ चा कायदा वेगळा आणि मुख्यमंत्र्यांनाही लोकायुक्तांच्या, म्हणजे भ्रष्टाचाराच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या यंत्रणेच्या, कक्षेत आणणारे २०२२ चे विधेयक वेगळे.

आरटीआयवाला : विधानमंडळाच्या जनमाहिती अधिकाऱ्यांकडे दहा रुपयांचा अर्ज करावा. मी असे पुष्कळ अर्ज केले आहेत.

धागाकर्ता : उत्तराला तीस दिवसांची मुदत असते, माझ्या हातात दोन दिवस आहेत. विधेयक अर्थातच २०२२ चे.

गॅलरीतला : दुवा मिळणार नाही, कारण बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने संमत होतात आणि मतविभाजन, म्हणजे बाजूने व विरोधात किती याची मोजणी, झाल्याखेरीज कोणाचे मत कोणते, याची नोंदच राहत नाही. मतविभाजन झाले असते, तरी पक्षादेश मोडणाऱ्याची आमदारकी पक्षांतरबंदी कायद्याने धोक्यात येत असल्यामुळे, त्या मतावरून पक्षाची भूमिका कळली असती, माणसाची नव्हे. हे विधेयक विधानसभेत डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरला, विरोधकांनी सभात्याग केलेला असताना, चर्चेविना संमत झाले. तेव्हा 'लढलो' म्हणजे नक्की कोठे, हे आमदारांनाच विचारावे.

सातबारा : तलाठी कार्यालयाविरुद्ध लोकायुक्तांकडे तक्रार करायची असल्यास सोबत प्रतिज्ञापत्र जोडावे.

जुना सभासद : तक्रार कोणाला करायची आहे? सभागृह कोणते, याचे उत्तर अजून आलेले नाही.

धागाकर्ता : क्षमस्व, ते विधानपरिषदेचे सदस्य आहेत. त्याने फरक पडेल असे वाटले नव्हते.

गॅलरीतला : सगळा फरक त्यानेच पडतो. परिषदेत हे विधेयक डिसेंबर २०२३ मध्ये संमत झाले. त्या बैठकीची कार्यवाही विधानमंडळाच्या संकेतस्थळावर पाहावी. माथ्यावर 'असुधारित प्रत' असे लिहिलेले असले तरी कोण काय बोलले, हे त्यात मिळते. मुख्यमंत्र्यांच्या चौकशीपूर्वी विधानसभेच्या दोन तृतीयांश सदस्यांची मान्यता हवी, या अटीवर ते बोलले का, तेवढे पाहावे. उत्तरदायित्वाचा खरा कस तेथेच लागतो.

दप्तर दिरंगाई : लोकायुक्ताचे एवढे कौतुक कशाला? २००५ च्या बदल्या व विलंब प्रतिबंध कायद्यानुसार कोणतीही फाइल सर्वसाधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ टेबलावर राहता कामा नये. त्यावर आमदारांनी किती तारांकित प्रश्न (मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे प्रश्न) विचारले, ते मोजावे.

गॅलरीतला : प्रश्न मोजून भूमिका कळत नाही. एकाच प्रश्नाखाली दहा-बारा सदस्यांची नावे असतात.

दप्तर दिरंगाई : मग भाषणावरून तरी कोठे कळते? भाषण दुसऱ्याने लिहून दिलेलेही असू शकते.

धागाकर्ता : कार्यवाही मिळाली. विधेयकाच्या चर्चेत त्यांचे नाव नाही. त्याच दिवशी, आपल्या लक्षवेधी सूचनेचा क्रम मागे का गेला, एवढेच त्यांनी उभे राहून विचारले आहे. आता 'दावा खोटा' असे लिहू का?

जुना सभासद : नको. एका बैठकीवरून तसे म्हणता येणार नाही, कारण ते पक्षाच्या बैठकीत किंवा समितीत बोलले असण्याची शक्यता उरते. 'विधेयक संमत झाले त्या दिवसाच्या कार्यवाहीत या विषयावरील त्यांचे भाषण आढळले नाही' असे लिहून तारीख द्यावी आणि त्यांचे म्हणणे आजच लेखी मागवावे.

धागाकर्ता : स्वीय सहायकांना संदेश पाठवला आहे. उत्तरादाखल त्यांनी तोच कार्यअहवाल पुन्हा पाठवला.