भरघोस मोबदल्याची ऑनलाइन सर्वेक्षणे: निव्वळ रकमेवरून खरे-खोटे ठरवावे का?

हिशेबी (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात मला एक संदेश आला. पंधरा मिनिटांचे सर्वेक्षण भरून द्या, त्याबद्दल अमुक रक्कम मिळेल, असा त्याचा आशय होता आणि ती रक्कम माझ्या पूर्ण दिवसाच्या कमाईहून जास्त होती. मी तो खोटा ठरवून बाजूला ठेवला. ज्या मित्राला हे सांगितले त्याने मात्र विचारले की, काहीही न तपासता खोटे कसे ठरवलेस? माझे म्हणणे असे की अशा प्रस्तावात रक्कम हाच पुरेसा पुरावा असतो. त्यावर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

सर्वेक्षणाचा पैसा कोठून येतो ते पाहू. एखादी कंपनी बाजार संशोधन संस्थेला काम देते, ती संस्था पॅनेल (म्हणजे सर्वेक्षणे भरण्यासाठी नाव नोंदवलेल्या माणसांचा गट) चालवणाऱ्यांकडून पूर्ण भरलेल्या प्रत्येक प्रश्नावलीमागे ठरावीक दराने उत्तरे विकत घेते आणि त्या दरातून मधल्यांचा वाटा वजा जाऊन जे उरते ते उत्तर देणाऱ्याच्या पदरात पडते. कोणता साबण वापरता, कोणती जाहिरात लक्षात राहिली, हे सांगू शकणारी माणसे लाखोंनी असताना त्या उत्तराला मोठा भाव येण्याचे कारणच नाही. ॲमेझॉनच्या मेकॅनिकल टर्क या मंचावर सर्वेक्षणांसह नाना प्रकारची फुटकळ कामे मिळतात. तेथील 2,676 जणांनी केलेल्या सुमारे 38 लाख कामांचा अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. काम शोधण्यात आणि अर्धवट सोडण्यात गेलेला वेळही धरल्यावर ताशी कमाईचा मध्यक (निम्मे ज्याच्या खाली, निम्मे वर, असा आकडा) सुमारे 2 डॉलर निघाला आणि ताशी 7.25 डॉलर या अमेरिकेच्या किमान वेतनाच्या वर जाणारे जेमतेम 4 टक्के होते. खऱ्या बाजारातला भाव हा असेल, तर त्याच्या कित्येक पट देऊ करणारा कोणत्या व्यवसायातून ते पैसे उभे करणार आहे?

पडद्यामागचा

आपला हिशेब बरोबर आहे, पण तो एकाच प्रकारच्या मालाचा आहे. उत्तराची किंमत प्रश्नावलीच्या लांबीवर ठरत नाही, उत्तर देणारा किती दुर्मीळ आहे यावर ठरते. दुर्मीळ आजाराचे रुग्ण, एखादे विशिष्ट शस्त्रक्रिया-उपकरण वापरणारे शल्यविशारद, कंपनीसाठी संगणक यंत्रणा खरेदी करण्याचा अधिकार असलेले अधिकारी, अशी माणसे हजारांत एखादी सापडतात आणि त्यांच्या तासाभराच्या मुलाखतीला संशोधन संस्था खरोखरच घसघशीत मानधन देतात.

मी स्वतः माझ्या पेशामुळे अशा एका मुलाखतीत भाग घेतला आहे. आधी दूरध्वनीवर वीस मिनिटे माझ्या कामाची चौकशी झाली. नंतर संमतिपत्र आले. मुलाखत ध्वनिमुद्रित होईल, ते मुद्रण किती काळ ठेवले जाईल आणि मध्येच थांबायचे असल्यास काय करायचे, हे सारे त्यात लिहिलेले होते. मानधन दोन-तीन आठवड्यांनी जमा झाले. रक्कम पाहूनच नाही म्हटले असते तर मी एका प्रामाणिक कामावर पाणी सोडले असते.

आणि कमी पैसे देणारे सगळे सज्जन असतात, हे कोणी ठरवले? सर्व माहिती घेऊन झाल्यावर बाराव्या मिनिटाला ‘आपण या सर्वेक्षणासाठी पात्र नाही’ असे सांगायचे, किमान शिल्लक जमल्याशिवाय पैसे काढू द्यायचे नाहीत, ती जमत आली की पैशांऐवजी दिलेल्या गुणांची मुदत संपवायची, हे प्रकार नावाजलेल्या ठिकाणीही चालतात. आपल्या नियमाने संशय फक्त मोठ्या रकमेवर जातो आणि या चिल्लर लुटीला प्रामाणिकपणाचे प्रमाणपत्र मिळते.

हिशेबी

आपल्या मुलाखतीचे उदाहरण मला मान्य आहे, पण त्याने माझेच म्हणणे थोडे नेमके होते असे मला वाटते. त्यांनी आपल्याला आधी पारखले, मग रक्कम सांगितली. मला आलेल्या संदेशात मी कोण, काय करतो, याची चौकशीच नव्हती. दुर्मीळ माणूस हवा असेल तर तो शोधावा लागतो. ज्याला कोणीही चालतो, त्याने मोठी रक्कम का द्यावी?

जाळीदार

मी उत्तरांची पडताळणी करण्याच्या कामात काही वर्षे आहे, म्हणून दोघांच्याही मधले काही सांगतो.

प्रथम ‘अपात्र’ ठरवण्याविषयी. प्रत्येक वयोगटातून, प्रत्येक विभागातून किती उत्तरे हवीत याचा कोटा असतो आणि तो भरला की पुढचा माणूस खरा असूनही बाहेर पडतो. काही वेळा मध्येच ‘या ओळीत तिसरा पर्याय निवडा’ असा प्रश्न पेरलेला असतो. तो चुकला, किंवा सगळ्या प्रश्नांना एकाच रांगेतले उत्तर दिले, किंवा दहा मिनिटांचे काम दोन मिनिटांत संपवले, तरी उत्तर बाद होते. यात फसवणूक नाही. मात्र चाळणीचे प्रश्न सुरुवातीला न विचारता शेवटाकडे ढकलणे हा निव्वळ आळशीपणा आहे आणि काही जण तो फायद्याचा म्हणून जाणूनबुजून करतात, हेही मी पाहिले आहे.

आता रकमेविषयी. खरे संशोधक मोठ्या मानधनाची जाहिरात चव्हाट्यावर करायला घाबरतात, ही गोष्ट बाहेरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही. ‘मधुमेही रुग्ण हवेत, मानधन इतके’ असे उघड लिहिले की रात्रीतून शेकडो मधुमेही तयार होतात. त्यामुळे कोण हवे आहे हे शेवटपर्यंत लपवून, आजूबाजूचे चार प्रश्न विचारून माणूस चाळला जातो. ही भीती कल्पनेतली नाही. बनावट उत्तरदात्यांकडून प्रश्नावल्या भरून घेऊन तो माल खऱ्या संशोधनाच्या नावाने एक कोटी डॉलरहून अधिक किमतीला विकल्याच्या आरोपावरून अमेरिकेत न्यू हॅम्पशायर येथे 2025 साली आठ जणांवर आरोपपत्र दाखल झाले. सर्वेक्षण घेणारा आपल्याला फसवतो का एवढेच आपण पाहतो. या धंद्यात उत्तरे देणारा आपल्याला फसवेल म्हणून सर्वेक्षण घेणाराही तितकाच धास्तावलेला असतो. म्हणून माझी कसोटी अशी की, मोठी रक्कम आणि सर्वांना मुक्तद्वार या दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर समोरच्याला उत्तरांची किंमत नाही, त्याला आपल्याकडून दुसरे काहीतरी हवे आहे.

मोकळा_वेळ

इथे सगळेच फार खोलात शिरत आहेत. माझी पद्धत सोपी आहे: या कामासाठी वेगळा ईमेल ठेवायचा, बँकेचा तपशील द्यायचा नाही, आणि पहिले पैसे हातात आले की पुढे जायचे. नाहीच आले तर माझी पंधरा मिनिटे गेली. ज्याच्याकडे वेळ आहे आणि पैसा नाही, त्याला ‘दूर राहा’ हा सल्ला देणे सोपे असते.

काठावरून

आपल्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत आहे, पण ‘पहिले पैसे हातात आले की पुढे जायचे’ हीच तर त्या सापळ्याची किल्ली आहे. आरंभी छोटी रक्कम खरोखर दिली जाते. मग कामांचा पुढचा ‘संच’ उघडण्यासाठी थोडी अनामत मागितली जाते, पडद्यावर शिल्लक फुगत जाते आणि ती काढायला गेले की कर, पडताळणी शुल्क किंवा खाते ‘गोठल्याचे’ कारण पुढे येते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहक संरक्षण पाहणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे अशा ‘टास्क’ प्रकारच्या फसवणुकीच्या तक्रारी 2020 साली नव्हत्याच. 2023 मध्ये त्या सुमारे 5,000 झाल्या आणि 2024 च्या पहिल्या सहामाहीतच 20,000 च्या आसपास पोहोचल्या. पहिले पैसे मिळणे हा पुरावा नसून आमिषाचा खर्च आहे.

पैसे कमावण्यासाठी आधी पैसे भरायला सांगितले की रक्कम, संकेतस्थळ, प्रशस्तिपत्रे यांतले काहीही पाहण्याची गरज उरत नाही. सर्वेक्षणे भरण्यासाठी आधी सभासद शुल्क आणि वर नवे सभासद आणल्याचे बक्षीस, ही रचना स्पीक एशिया या ऑनलाइन सर्वेक्षण कंपनीच्या प्रकरणात 2011 साली दिसली आणि अनेकांची पुंजी अडकली. संकेतस्थळाच्या पत्त्याशेजारचे कुलपाचे चिन्ह, देखणे संकेतस्थळ, पैसे मिळाल्याचे स्क्रीनशॉट यांवर विसंबू नये. कुलपाचा अर्थ एवढाच की आपण आणि ते संकेतस्थळ यांच्यामधली देवाणघेवाण तिसऱ्याला वाचता येत नाही. पलीकडे भामटा बसला असेल तर त्याच्यापर्यंतही ती सुरक्षितच पोहोचते.

मोकळा_वेळ

अनामत मी कधीच भरणार नाही, इतके मला कळते. मग बाकी काय गमावले?

जाळीदार

जन्मतारीख, मोबाइल क्रमांक, उत्पन्नाचा गट, घरात कोण कोण आहे, कोणते आजार आहेत, कोणती बँक वापरता. यातला प्रत्येक प्रश्न खऱ्या सर्वेक्षणातही येऊ शकतो, आणि म्हणूनच सर्वेक्षणाचा वेश सोयीचा पडतो. वेगळ्या ईमेलने यातले काहीही झाकले जात नाही. पुढे आपल्या बँकेच्या नावाने जो फोन येतो, त्याला आपली इतकी माहिती कशी, याचे आश्चर्य करत माणूस ओटीपी सांगून बसतो.

फरक प्रश्नांमध्ये नसून भोवतालच्या बांधिलकीत आहे. आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळ आणि इसोमार ही बाजार संशोधकांची जागतिक संघटना यांच्या संयुक्त संहितेनुसार संशोधनासाठी घेतलेली माहिती विक्रीसाठी वापरता येत नाही, आणि संशोधनाच्या मिषाने माल विकणे तर सरळ निषिद्ध आहे. बाजार संशोधनासाठी आयएसओ 20252 हे मानकही आहे. संस्थेने ही नावे आपल्या संकेतस्थळावर लिहिली म्हणजे ती खरी असे नव्हे; ज्यांनी मान्यता दिली त्यांच्याच सूचीत जाऊन ती संस्था शोधावी, आणि संदेशातल्या दुव्यावरून न जाता पत्ता स्वतः टाइप करून जावे. नामांकित संस्थेच्या नावात एखादे अक्षर बदलून केलेली संकेतस्थळे मी इतकी पाहिली आहेत की या एका सवयीबाबत मी हट्टी झालो आहे.

हिशेबी

चर्चा वाचून मी त्या संदेशाला उत्तर पाठवले. सर्वेक्षण कोणासाठी आहे, माझी निवड कोणत्या निकषावर झाली आणि माझी उत्तरे किती काळ ठेवली जातील, असे तीनच प्रश्न विचारले. दहा मिनिटांत उत्तर आले: ‘जागा मर्यादित आहेत, नोंदणी आजच पूर्ण करा.’ सोबत एका हसऱ्या व्यक्तीचे छायाचित्र आणि तिच्या खात्यातील शिलकीचा स्क्रीनशॉट होता.

पडद्यामागचा

म्हणजे आपला पहिला निर्णय योग्य होता. पण लक्षात घ्या, तो योग्य ठरला तो आपल्या तीन प्रश्नांमुळे. रक्कम निम्मी असती तरी उत्तर हेच आले असते, आणि तेव्हा आपण कदाचित हे प्रश्न विचारलेच नसते.