डी अँड डी खेळात पॅलाडिन आणि 'रोग'चं (Rogue) पटेना, डीएमनं काय करावं?

टिळकवाडीकर:
आम्ही दर रविवारी डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, पासे टाकून पात्रं वठवायचा गोष्टीचा खेळ) खेळालोय, मी डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा. पॅलाडिननं (शपथेनं बांधलेला योद्धा) शरण आलेल्या गॉब्लिनला (खेळातला छोटा राक्षस) अभय दिलं आणि रोगनं (लपूनछपून वार करणारं पात्र) रात्री गुपचूप त्याचा गळा चिरला, आता खेळ संपला तरी ते दोघं खेळाडू एकमेकांशी नीट बोलेनात. काय करू?

खानापूरवाला:
भावा, आधी पासे बाजूला ठेव आणि दोघांना सरळ विचार, भांडण कॅरेक्टरचं की तुमचं. 'माझं कॅरेक्टर असंच वागणार' हे मला अजिबात पटत नाही, कॅरेक्टर चालवतोय कोण, आपणच ना.

निपाणीकर:
अलाइनमेंटवरून (पात्र चांगलं की वाईट, नियम पाळणारं की नाही) वाद नको. खेळाच्या 2014 च्या पाचव्या आवृत्तीत पॅलाडिन लॉफुल गुडच (नियम पाळणारा आणि चांगला) पाहिजे असं नाही, त्यानं कुठली शपथ घेतलीय ते बघा. डिव्होशनच्या (निष्ठेच्या) शपथवाल्याला शत्रूवरही दया दाखवायची असते, व्हेंजन्सवाला (सूडाची शपथ) आपल्या कट्टर शत्रूला दया दाखवत नाही. आणि रोगला शिक्षा देऊ नको, जगात परिणाम दाखव, ही बातमी फुटली की पुढचे गॉब्लिन शरणच येणार नाहीत, मरेपर्यंत लढतील, मग बघ पार्टी (खेळाडूंचा गट) आपोआप बोलते की नाही.

टिळकवाडीकर:
डिव्होशनच हाय त्याची! दोघांना आधी चहाला बोलावतो, मग गॉब्लिनांचं बघू.