गजकर्ण, चिखल्या, नखं: कोणतं मलम लावू नये (सोसायटीतल्या रहिवाशांची चर्चा; नावांऐवजी फ्लॅट क्रमांक)

सी-१०५: डॉक्टरताई, पूर्वी आठ-पंधरा दिवसांत जाणारं गजकर्ण हल्ली महिनोन्‌महिने का रेंगाळतं? घरातल्या एकाचं बरं झालं की दुसऱ्याला सुरू.

बी-४०२ (डॉक्टर): बुरशीच बदलली आहे. आपल्याकडे आधी ट्रायकोफायटॉन रुब्रम जास्त सापडायची. आता ट्रायकोफायटॉन इंडोटिनी ही जात पसरली आहे. २०२० मध्ये जपानमध्ये एका भारतीय आणि एका नेपाळी रुग्णाच्या नमुन्यांवरून तिला हे नाव मिळालं. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये दोन रुग्ण नोंदले गेले, त्यातल्या एकीनं तर अलीकडे परदेश प्रवासही केलेला नव्हता. टर्बिनाफिन हे बुरशीवरचं औषध बुरशीच्या ज्या एन्झाइमला रोखतं त्याच्या जनुकात बदल झालेत, त्यामुळे पूर्ण डोस घेऊनही अनेकांना गुण येत नाही.

ए-१०३ (केमिस्ट): आणि ती तीन-चार औषधं एकत्र असलेली मलमं. चिठ्ठी नसताना कुणी मागितली तरी मी देत नाही. ट्यूबवर क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेटासोन, मोमेटासोन यांपैकी एखादं नाव दिसलं तर ते स्टिरॉइड. गजकर्णाला चालत नाही.

सी-१०५: पण काका, खाज तर दोन दिवसांत थांबते त्यानं!

बी-४०२ (डॉक्टर): तिथेच माणूस फसतो. स्टिरॉइड लाली आणि खाज दाबतं, बुरशीला मारत नाही. त्वचेची प्रतिकारशक्ती कमी झाल्यानं ती उलट पसरते. चट्ट्याची गोल कडा पुसट होते, मग निदानही चुकतं. जांघेत आणि काखेत कातडी पातळ होऊन चरे पडतात. ते कायम राहतात.

स्टिरॉइड नसलेलं, फक्त बुरशी मारणारं मलम लावायचं तर चट्ट्याच्या बाहेर दोन सेंटीमीटरपर्यंत लावा. बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेलं मलम साधारण दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. दिसायचं बंद झालं तरी निदान दोन आठवडे चालू ठेवा. बहुतेक जण इथेच सोडतात आणि ते परत येतं. पसरलेलं असेल तर नुसत्या मलमानं भागत नाही, गोळ्या लागतात.

ए-१०३ (केमिस्ट): इट्राकोनाझोल या बुरशीवरच्या औषधाची कॅप्सूल जेवणानंतर लगेच घ्या. ती विरघळायला पोटात आम्ल लागतं. सकाळी गॅसची गोळी, मग ही, असं करणाऱ्यांच्या अंगी औषध लागतच नाही. पँटोप्राझोल, अँटासिड अशी आम्ल कमी करणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. हृदय कमजोर असलेल्यांनी किंवा कोलेस्टेरॉलची सिमव्हास्टॅटिन घेणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय सुरूच करू नये.

डी-३०१: नखं पिवळी, जाड झाली असतील तर? तीच बुरशी?

बी-४०२ (डॉक्टर): नेहमी नाही. सोरायसिस, जुना मार, घट्ट बूट यांनीही नख तसंच दिसतं. हाताच्या नखांचा प्रश्न असेल तर सतत पाण्यात हात असणाऱ्यांत कॅन्डिडा ही वेगळी बुरशी असू शकते. म्हणून आधी तपासणी.

सी-२०२ (लॅब): कातडीचा नमुना चट्ट्याच्या कडेचा खरवडून घेतात, मधला नाही, कारण जिवंत बुरशी कडेला असते. नखाच्या खालचा भुसा लागतो. पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची तपासणी त्याच दिवशी होते, पण कल्चरला, म्हणजे बुरशी वाढवून बघायला, दोन ते चार आठवडे. इंडोटिनी आहे का हे साध्या कल्चरवर खात्रीनं कळत नाही, त्याला डीएनए तपासावा लागतो. नमुन्याआधी मलम लावत असाल तर किती दिवस थांबायचं ते विचारून या, नाहीतर अहवाल निगेटिव्ह येऊ शकतो.

बी-४०२ (डॉक्टर): पायाच्या नखाला टर्बिनाफिन दिली तर १२ आठवडे, हाताच्या नखाला ६. पण पायाचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलीमीटर वाढतं, स्वच्छ नख पूर्ण यायला वर्ष-दीड वर्ष लागतं. आधीच निराश होऊ नका.

डी-३०१: कपड्यांचं काय करायचं?

बी-४०२ (डॉक्टर): टॉवेल, अंतर्वस्त्रं, मोजे, चादरी वेगळ्या धुवा, शक्यतो ६० अंशांच्या पाण्यात. उलटे करून उन्हात वाळवा. पावसाळ्यात ऊन नसेल तर शिवणींवर गरम इस्त्री फिरवा. ओली जीन्स अंगावर वाळू देऊ नका. चिखल्यांसाठी आंघोळीनंतर बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा, मगच मोजे घाला. आणि घरात ज्यांना ज्यांना चट्टे आहेत त्या सगळ्यांचे उपचार एकाच वेळी करा.

सी-१०५: जिममधल्या सामायिक चटया आणि टॉवेल?

ए-१०३ (केमिस्ट): चटया रोज पुसून वाळवायला लावा. टॉवेल सामायिक ठेवूच नका. सेक्रेटरींनी उद्याच तशी सूचना लावावी.