क्वेस्ट ३एसचा खेळ टीव्हीवर सगळ्यांना दाखवायचा आहे, पण चित्र अडखळतं

सह्यवारा

घरी क्वेस्ट ३एस आहे, म्हणजे मेटा कंपनीचा डोक्यावर घालायचा व्हीआर हेडसेट. सुट्टीत दहा-बारा जण जमणार आहेत. एकाने खेळायचं आणि बाकीच्यांनी टीव्हीवर बघायचं, असा बेत आहे. टीव्ही ५५ इंची अँड्रॉइड टीव्ही आहे, त्यात कास्टची, म्हणजे दुसऱ्या उपकरणाचं चित्र वायफायवरून टीव्हीवर घ्यायची सोय आहे. राउटर शेजारच्या खोलीत आहे, २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ दोन्ही बँडचा, पण वायफायचं नाव एकच. टीव्हीही वायफायवरच चालतो.

कास्ट सुरू होतं. मात्र थोड्या थोड्या वेळाने चित्र थबकतं, आणि खेळणाऱ्याने हात जोरात फिरवला की टीव्हीवर नुसते चौकोन दिसतात. टीव्हीचा आवाज मागून येतो, त्यामुळे बीट सेबर हा तालावरचा खेळ खेळणाऱ्याची लय चुकते. हेडसेट एकाकडून दुसऱ्याकडे गेला की टीव्ही काळा होतो. पाच-दहा मिनिटं बघून काही जणांना गरगरायला लागतं, हे वेगळंच. यातलं काय सुधारता येईल?

---

तांब्याची तार

सगळ्यात आधी राउटरपासून टीव्हीला लॅन केबल (नेटवर्कची तार) लावा. निम्मं काम तिथेच होईल.

कारण साधं आहे. कास्टचं चित्र हेडसेटमधून राउटरकडे जातं आणि राउटरकडून टीव्हीकडे. दोन्ही वायफायवर असले, तर तेच चित्र हवेतून दोनदा जातं. एका चॅनलवर एका वेळी एकच उपकरण बोलू शकतं, त्यामुळे हेडसेट आणि टीव्ही एकमेकांच्या वाटेत येतात. टीव्ही केबलवर गेला की हवेतला एक टप्पा कमी होतो. साधी कॅट ५ई केबल चालते. बऱ्याच टीव्हींचं लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचंच असतं, पण कास्टला त्याचा लहानसा हिस्साच लागतो. गिगाबिटच्या मागे लागू नका.

इथे एक चूक फार होते. फायबर कंपनीने बसवलेल्या डब्यामागे लोक आपला वेगळा राउटर लावतात. टीव्ही त्या डब्याला आणि हेडसेट आपल्या राउटरला जोडला की ती दोन वेगळी नेटवर्कं होतात आणि टीव्ही कास्टच्या यादीत येतच नाही. दोन्ही एकाच राउटरवर ठेवा, नाहीतर मागचा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न करता फक्त वायफाय देतो. गेस्ट वायफाय (पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय) आणि एपी आयसोलेशन (वायफायवरच्या उपकरणांना एकमेकांपासून तोडणारी सेटिंग) यांनीही हेच होतं. टीव्ही शोधण्यासाठी हेडसेट नेटवर्कवर जी हाक मारतो, ती टीव्हीपर्यंत पोचतच नाही.

दुसरं काम, बँडची नावं वेगळी करा. राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ ला 'घर' आणि ५ ला 'घर-५' असं काहीही द्या. हेडसेट फक्त ५ वर जोडा आणि त्यातलं जुनं नाव 'फरगेट' करा, नाहीतर सिग्नल जरा कमी झाला की तो गुपचूप २.४ वर जाऊन बसेल. तुमचे चौकोन बहुधा तिथूनच येताहेत. २.४ वर शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह, सगळ्यांचीच गर्दी असते.

५ गिगाहर्ट्‌झला भिंत सोसत नाही, वीट आणि काँक्रीटची तर नाहीच. राउटर हॉलमध्ये आणता आला तर उत्तम. निदान दार उघडं ठेवा आणि राउटर कपाटातून किंवा टीव्हीमागून काढून उंचावर ठेवा. चॅनल ३६ ते ४८ मधला निवडा. ५२ पासून १४४ पर्यंतचे चॅनल रडारसोबत वाटून घ्यावे लागतात. रडारची चाहूल लागली की राउटरला चॅनल सोडावाच लागतो, मग ऐन खेळात कास्ट तुटतं. चॅनलची रुंदी ८० मेगाहर्ट्‌झ असेल आणि बिल्डिंगमध्ये गर्दी असेल, तर ४० करून बघा. वेग थोडा उतरतो, पण स्थिर राहतो, आणि आपल्याला स्थिरपणाच हवा आहे.

दोष नक्की कुठे आहे हे बघायची सोपी रीत: हेडसेट राउटरपासून दोन मीटरवर नेऊन कास्ट करा. तिथे चित्र नीट आलं तर गुन्हेगार भिंत. तिथेही थबकलं तर टीव्हीकडचा टप्पा. वायफाय पुढे पोचवणारा रिपीटर मात्र घेऊ नका. साधा रिपीटर हवेतला आणखी एक टप्पा वाढवतो.

---

सूरमंडळ

आवाजाबद्दल. टीव्हीवरचं कास्ट खेळापेक्षा साधारण सेकंदभर मागे असतं, कधी जास्तच. चित्र आधी दाबून लहान करायचं, पाठवायचं, टीव्हीने थोडं साठवून मग दाखवायचं, यात तो वेळ जातो. टीव्हीचा गेम मोड लावलात तरी या उशिरात फारसा फरक पडत नाही, कारण गेम मोड फक्त टीव्हीच्या आतली प्रक्रिया कमी करतो. तेव्हा उशीर घालवायच्या मागे लागू नका. खेळणाऱ्याच्या कानापर्यंत टीव्हीचा आवाज जाणार नाही एवढं बघा.

क्वेस्ट २ आणि ३ ला ३.५ मिमीचं भोक आहे, ३एस ला नाही. तुम्हाला यूएसबी-सी इअरफोन लागतील, कानात घट्ट बसणारे. ब्लूटूथ नको, त्यात आणखी एक उशीर मिसळतो आणि तालाच्या खेळात तो लगेच जाणवतो. एक लक्षात घ्या, इअरफोन लागला की चार्जिंगचं पोर्ट अडतं. बॅटरी साधारण दोन-अडीच तासांची, आणि कास्टिंगने ती आणखी लवकर उतरते. दर तासाला चहाच्या वेळी चार्जरवर ठेवा. इअरफोन नसतील तर टीव्हीचा आवाज हळू ठेवा. प्रेक्षक हळू आवाज चालवून घेतात, खेळणाऱ्याला मात्र उशिराचे ठोके अजिबात चालत नाहीत.

गरगरण्याचं कारण म्हणजे खेळणाऱ्याच्या मानेची प्रत्येक हालचाल ५५ इंचांवर मोठी होऊन दिसते. बघणारा बसलेला आणि चित्र हलतंय, म्हणून डोकं जड होतं. हेडसेटच्या कॅमेरा सेटिंगमध्ये चित्र स्थिर ठेवायचा पर्याय आहे, तो चालू करा. तिथेच आकार आडवा निवडा, नाहीतर टीव्हीवर मधोमध चौकोन आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात. कुठल्या डोळ्याचं चित्र पाठवायचं हेही तिथेच ठरतं. लोकांना टीव्हीपासून निदान अडीच-तीन मीटर लांब बसवा. सुरुवातीला एका जागी उभं राहून खेळायचे खेळ लावा. कृत्रिम चालण्या-धावण्याचे खेळ बघणाऱ्यालाच जास्त त्रास देतात.

---

गावकुस

माझ्या टीव्हीत कास्ट नाही, टीव्हीला लावलेली अ‍ॅमेझॉनची फायर स्टिक आहे. हेडसेटच्या यादीत ती दिसत नाही. काही वाट आहे का?

---

तांब्याची तार

@गावकुस, हेडसेट टीव्हीशी गूगल कास्ट या पद्धतीने बोलतो, फायर स्टिक ती बोलत नाही, म्हणून ती यादीत येणार नाही. कास्टची नक्कल करणारी अ‍ॅप भरवशाची नसतात. दोन वाटा आहेत.

लॅपटॉप असेल तर तीच उत्तम. क्रोम किंवा एजमध्ये मेटाचं कास्टिंग पान उघडा, हेडसेटवरच्याच खात्याने लॉगिन करा, हेडसेटच्या कॅमेऱ्यात 'कास्ट' दाबून 'कॉम्प्युटर' निवडा. लॅपटॉपमधून टीव्हीला एचडीएमआय केबल. लॅपटॉप राउटरला केबलने जोडला तर आणखी छान. यात उशीरही बहुतेक वेळा कमी जाणवतो.

लॅपटॉप नसेल तर हेडसेटच्या मेटा होरायझन अ‍ॅपमधून आधी फोनवर कास्ट करा आणि फोनचा पडदा फायर स्टिकवर मिरर करा, म्हणजे जसाच्या तसा दाखवा. फोन आडवा धरा. अ‍ॅपला लोकेशनची आणि जवळची उपकरणं शोधायची परवानगी द्या, व्हीपीएन बंद करा, नाहीतर हेडसेट सापडणार नाही. ज्या फोनच्या यूएसबी-सी मधून चित्र बाहेर येतं, त्याला एचडीएमआयचा जोड लावून मिररिंग टाळता येतं. पण सगळ्या फोनमध्ये ती सोय नसते, जोड विकत घेण्याआधी फोनचं मॉडेल तपासा.

---

रिंगण

हेडसेट हातोहात देण्याबद्दल. कपाळाजवळ आत एक सेन्सर असतो. डोकं बाहेर निघालं की पडदा झोपतो आणि टीव्ही काळा होतो. पॉवर सेटिंगमध्ये झोपायची वेळ वाढवा. काढणाऱ्याने बाजूचं बटण दाबायचं नाही, सरळ पुढच्याच्या हातात द्यायचा. पुढच्याने घातल्यावर उजव्या कंट्रोलरचं मेटा बटण दाबून धरायचं, म्हणजे खेळ त्याच्या समोर येतो. ३एस वर भिंगांमधलं अंतर ५८, ६३ आणि ६८ मिमी अशा तीनच टप्प्यांत आहे. अंधूक दिसतंय अशी तक्रार आली तर आधी भिंगं सरकवून बघा. मेटाची किमान वयोमर्यादा १० वर्षं आहे, त्याहून लहानांना फक्त टीव्ही.

जागा निदान २ बाय २ मीटर मोकळी हवी, आणि टीव्ही त्या चौकोनाच्या बाहेर आणखी मीटरभर. मनगटाचा पट्टा प्रत्येकाने घालायचाच. सुटलेला कंट्रोलर नेमका समोरच्या मोठ्या काचेवर जातो. टीव्हीसमोर लोक बसणार, म्हणून खेळायची जागा त्यांच्या मागे किंवा बाजूला आखा, पुढे नको. सूचना बंद ठेवा, नाहीतर आलेला निरोप सगळ्यांच्या समोर उघडा होईल.

आणि एक खेळ सुचवतो, 'कीप टॉकिंग अँड नोबडी एक्सप्लोड्स'. बॉम्ब फक्त हेडसेटवाल्याला दिसतो, बाकीचे छापलेल्या पुस्तिकेतून तो निकामी कसा करायचा ते ओरडून सांगतात. त्या वेळी कास्ट बंद ठेवायचं, कारण बॉम्ब टीव्हीवर दिसला की खेळच संपला. पुस्तिका फुकट मिळते, आधीच छापून ठेवा, तीन-चार प्रती.

---

सह्यवारा

लॅन केबल ओढली, नावं वेगळी केली. चौकोन गेले, पंधरा मिनिटांत एकदाही थबकलं नाही. आता एकच विचारायचं आहे. व्हिडिओच्या एका अ‍ॅपमध्ये आवाज येतो, पण टीव्हीवर काळंच दिसतं. तेही वायफायमुळे?

---

सूरमंडळ

नाही. काही अ‍ॅपमधला व्हिडिओ संरक्षित असतो, त्याचं चित्र कास्टमध्ये मुद्दाम काळं केलं जातं. काही खेळांचे निर्मातेही कास्ट बंद ठेवतात. त्यावर इलाज नाही. तो व्हिडिओ सगळ्यांनी बघायचा असेल तर टीव्हीवरच्याच अ‍ॅपमध्ये लावा.