मानववंशशास्त्राला लॅब नको म्हणणाऱ्यांना

खारीगावकर
एका निवृत्त प्राध्यापकांची पोस्ट कालपासून फिरतेय: 'मानववंशशास्त्राला वही, पेन आणि पायांत चपला पुरतात. थ्रीडी स्कॅनर, जीआयएस (संगणकावरच्या नकाशांची) लॅब हा सगळा नॅकच्या, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या, टीमसाठी मांडलेला देखावा.' खाली अंगठ्यांचा पाऊस. वाचून राहवलं नाही.

मी जिथे एमए केलं (नाव घेत नाही) तिथे कवटी मोजायच्या एका स्प्रेडिंग कॅलिपरसाठी रांग लागायची. ज्या कवटीवर शिकायचं तिच्या गालाची कमान आधीच्या कुठल्या तरी बॅचनं मोडून ठेवलेली. दक्षिण आफ्रिकेतल्या होमो नालेदी या नामशेष मानवजातीची घोषणा 2015 मध्ये झाली, तेव्हाच त्या हाडांचे स्कॅन मॉर्फोसोर्स या वेबसाइटवर सगळ्यांना खुले केले गेले. एक साधा प्रिंटर असता तर तो जबडा आम्ही हातात घेऊन पाहिला असता. आम्ही पाहिली ती पुस्तकातल्या फोटोची झेरॉक्स.

आणि वही-पेनचं कौतुक करताना इरावती कर्व्यांना मध्ये आणू नका. बाईंनी बर्लिनमध्ये कवट्या मोजून डॉक्टरेट केली आणि त्याच मोजमापांवरून आपल्या गाइडचा वंशश्रेष्ठत्वाचा दावा खोडला. हातात मापं नसती तर कशाच्या जोरावर खोडला असता?

दिघ्याचा मास्तर
कॅलिपर रिस्लेकडेही होता. 1901 च्या जनगणनेचा हा ब्रिटिश आयुक्त नाकाच्या मापांवरून जातींची उतरंड मांडत होता. तेव्हा यंत्राची एवढी आरती नको.

मी शिकवतो, तासिका तत्त्वावर. उन्हाळ्यात पगार नाही. आमच्याकडे अनुदानातून एक महागडं यंत्र आलं. ते चालवणाऱ्याची जागा मंजूर झाली नाही, देखभालीचा करार संपला, आता त्यावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे असतात. आधी माणसं भरा, खरेदीचं नंतर बघू.

खारीगावकर
सर, जागा भरत नाहीत म्हणून मुलांनी मोडकी कवटीच मोजायची का? दोन्ही मागा की. आणि सगळ्यालाच कोट्यवधी लागत नाहीत. नकाशांचं क्यूजीआयएस सॉफ्टवेअर फुकट आहे, फोनवर काढलेल्या फोटोंवरून थ्रीडी मॉडेल होतं. जुन्या हाडांतल्या प्राचीन डीएनएची लॅब प्रत्येक विभागाला हवी असं मी म्हणतच नाही. तिथे संशोधकाच्या स्वतःच्या त्वचेचा कण पडला तरी नमुना बिघडतो, त्या कामाला वेगळ्या संस्था आहेत.

घणसोलीची लेक
तुमची लॅब होईल तेव्हा होईल. आमच्या गावात विद्यार्थी ड्रोन घेऊन आले होते, 'सांस्कृतिक नकाशा' करायला. गावठाणावर ड्रोन दिसला की आमच्याकडे एकच अर्थ निघतो: मोजणी आली, मागून नोटीस येणार. नवी मुंबईसाठी 95 गावांच्या जमिनी गेल्या आणि गावकऱ्यांनी गरजेपोटी विनापरवाना बांधलेल्या घरांचा प्रश्न अजून लोंबकळतोय. आम्हाला आधी विचारलं कुणी?

वाशी सेक्टर सतरा
ताई, ड्रोनला घाबरून कसं चालेल? नकाशा झाला तर उद्या तुमचंच घर सिद्ध होईल. सरकारच्या स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणी ड्रोननेच होते.

घणसोलीची लेक
सेक्टरात राहून हे बोलणं सोपं आहे. तुमच्या गच्चीवर न विचारता उडवला तर सोसायटी पोलीस बोलावेल. आम्ही विचारलं की आम्ही अडाणी?

वाशी सेक्टर सतरा
अडाणी मी म्हटलेलं नाही. शब्द माझ्या तोंडी घालू नका.

दिघ्याचा मास्तर
विषय लॅबचा आहे हो.

घणसोलीची लेक
हा लॅबचाच विषय आहे, सर. माझी आजी धवलारीण होती, लग्नात धवले म्हणजे विधींची गाणी म्हणणारी. हळदीपासून लग्न लागेपर्यंतचे धवले तिला पाठ. एका विभागाची मुलं आली, चहा घेतला, सगळं रेकॉर्ड करून घेऊन गेली. आजी गेल्यावर आईनं फाइल मागितली तर उत्तर आलं, 'रिसर्च डेटा आहे, बाहेर देता येत नाही.' आम्ही बाहेरचे? आजीचा आवाज आता आमच्याकडे नाही, त्यांच्या हार्ड डिस्कवर आहे.

येऊरचा पायथा
ताईंचं बरोबर आहे. मी पाड्यांवर सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या तपासणीला जातो, तिथे रक्त कशासाठी नेताय हा पहिला प्रश्न असतो आणि तो रास्त आहे. अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या हवासुपाई लोकांनी मधुमेहाच्या अभ्यासासाठी रक्त दिलं, विद्यापीठानं त्यावर स्किझोफ्रेनियाचं आणि त्यांच्या पूर्वजांच्या स्थलांतराचंही संशोधन केलं. 2010 मध्ये तडजोड झाली, 7 लाख डॉलर द्यावे लागले आणि उरलेलं रक्त परत करावं लागलं.

खारीगावकर
ड्रोनचं मान्य. गावानं नाही म्हटलं तर उडवायचा नाही, विषय संपला. पण ताई, रेकॉर्डरवर राग काढू नका. धवले म्हणणाऱ्या बायका कमी होत चालल्यात. चांगला माइक हवा, ईलानसारखं फुकट सॉफ्टवेअर वापरून ओळीन् ओळ लिहून ठेवायला हवी, दोन ठिकाणी प्रत हवी, आणि पहिली प्रत ज्या घरातला आवाज त्या घरात गेली पाहिजे. याला सर्व्हर लागतो, तो सांभाळणारा लागतो. मी लॅब म्हणतो ती हीच.

दिघ्याचा मास्तर
'सांभाळणारा लागतो.' आलात ना शेवटी माणसांवर?

खारीगावकर
आलो. पण यंत्र नको हे मी मान्य करणार नाही.

घणसोलीची लेक
मला तुमच्या मान्य-अमान्याशी घेणंदेणं नाही. आजीची फाइल मिळेल का ते सांगा.

खारीगावकर
साल आणि विभाग मेसेजमध्ये कळवा. तिथे ओळखीचं कुणी निघालं तर विचारतो. लेखी अर्ज आईंच्या नावानं करू.